पिशवीचं ऑपरेशन: बाहेरचे टाके, आतले टाके

गर्भपिशवी काढून बाई घरी आली की पहिले आठ-दहा दिवस सगळं घर तिच्याभोवती फिरतं. गावाहून बहीण येते, नणंद डबा पाठवते, नवरा रजा टाकतो आणि बाळंतिणीला ठेवावं तसं तिला खाटेवर ठेवलं जातं. उठू नको, चालू नको, वारं लागेल. मग टाके निघतात. बहिणीला तिचंही घर असतं, ती परतते. नवऱ्याची रजा संपते. डबे यायचे थांबतात. पंधराव्या-सोळाव्या दिवशी ती ओट्याशी उभी राहून कणीक मळत असते आणि बघायला आलेली मंडळी म्हणतात, ‘बरं झालं, लवकर सावरलीस.’ यात कुणाची माया कमी पडलेली नसते, पण वेळापत्रक उलटं झालेलं असतं. ज्या दिवसांत तिने घरभर चालायला हवं होतं, त्या दिवसांत तिला निजवून ठेवलं. आणि आतले टाके कच्चे असताना तिच्यावर सगळा संसार टाकला. तुमच्या घरात असं ऑपरेशन झालं असेल किंवा व्हायचं असेल, तर घरच्यांच्या वाट्याला दोन कामं येतात, असं मला वाटतं. पहिल्या दिवसापासून तिला चालतं ठेवायचं, आणि सहा ते आठ आठवडे घरकाम तिच्या हातातून, शिवाय डोक्यातूनही, काढून घ्यायचं. यातलं दुसरं काम अवघड आहे आणि नेमकं तेच राहून जातं.

हे एवढे आठवडे कशासाठी, ते समजायचं तर आत काय झालंय ते माहीत असावं लागतं. गर्भपिशवीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे बंध असतात, तिला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात, पुढे लघवीची पिशवी आणि मागे गुदाशय अगदी लागून असतो. ऑपरेशनमध्ये हे बंध आणि रक्तवाहिन्या बांधून कापतात, लघवीची पिशवी सोडवून खाली सरकवतात आणि गर्भाशयमुखासकट पिशवी निघाली की योनीचं वरचं टोक शिवून बंद करतात. पोटावरून ऑपरेशन असेल तर त्याशिवाय पोटाच्या भिंतीचे थर एकेक करून शिवलेले असतात. आपल्याला दिसते ती फक्त सर्वांत वरची कातडी, आणि ती सात ते दहा दिवसांत जुळते. तिच्याखालचा मजबूत पडदा इतक्या लवकर जुळत नाही. शिवलेल्या जखमेला तीन आठवड्यांनी मूळ ताकदीच्या साधारण पाचवा हिस्सा ताकद येते आणि चार-पंचमांशापर्यंत पोचायला तीन महिने लागतात, असा सर्वसाधारण हिशेब आहे. मधल्या काळात आत विरघळणारे टाके तो भार सांभाळत असतात. म्हणजे ज्या दिवशी नर्स शेवटचा टाका काढते आणि घर सुटकेचा श्वास टाकतं, त्या दिवशी आतलं काम जेमतेम सुरू झालेलं असतं.

इथे पहिली शंका येते ती दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्यांच्या घरून. पोटावर तीन-चार छोट्या पट्ट्या, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी, मग दोन महिने कशाला? शंका निम्मी बरोबर आहे. दुर्बिणीतून किंवा खालून केलेल्या ऑपरेशनमध्ये पोटाची भिंत फारशी कापलेली नसते, दुखणं कमी असतं, आणि बैठं काम करणाऱ्या बाईला चार ते सहा आठवड्यांत कामावर जाता येतं. पोटावरून झालं असेल तर सहा ते आठ आठवडे धरावे लागतात. पण गर्भाशयमुख काढलं असेल तर योनीच्या टोकाची शिवण तिन्ही प्रकारांत असतेच, आणि ती उसवण्याची घटना क्वचित घडत असली तरी दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर तिचं प्रमाण थोडं जास्त आढळलं आहे. दिसायला जखम लहान असली की घर लवकर विसरतं, आणि बाईलाही आपण बऱ्या झालो असं वाटतं. त्यामुळे डिस्चार्ज कार्ड नीट वाचा. त्यावर टीएएच लिहिलं असेल तर पोटावरून, व्हीएच म्हणजे खालून, टीएलएच म्हणजे दुर्बिणीतून. पुढे बीएसओ अशी अक्षरं असतील तर दोन्ही अंडाशय आणि नळ्याही काढल्या आहेत. या शेवटच्या तीन अक्षरांवर पुढची बरीच वर्षं अवलंबून असतात. अनेक घरांत ती अक्षरं कुणी वाचलेलीच नसतात.

आता ओझ्याबद्दल. जड उचलू नका, असं सगळे डॉक्टर सांगतात. सर्वसाधारणपणे चार-पाच किलोंपर्यंतची मर्यादा घालतात. पण ‘जड’ म्हणजे काय, यावर घरात एकमत नसतं. पंधरा लिटरचा भरलेला हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी आणि वर हंड्याचं वजन. गॅसच्या सिलिंडरमधला गॅसच १४.२ किलो, वर टाकीचं लोखंड. ओल्या चादरींची बादली, दहा किलोंचा तांदळाचा कट्टा, दोन वर्षांचं नातवंड ही सगळी मर्यादेच्या पलीकडची. आमटीने भरलेला मोठा कुकर शेगडीवरून उतरवणं हेसुद्धा पहिल्या महिन्यात नको. यावर जाणकार वाचक आक्षेप घेऊ शकेल, आणि तो वाजवी आहे: पोटाच्या आतला दाब मोजणाऱ्या अभ्यासांत असं दिसलं आहे की खोकताना किंवा खुर्चीतून उठताना जो दाब पडतो, तो बेताचं वजन उचलताना पडणाऱ्या दाबापेक्षा कमी नसतो, कधी जास्तच असतो. मग पाच किलोंचा नियम हा निव्वळ अंदाज नाही का? बऱ्याच अंशी आहे. म्हणून पाण्याची बाटली किंवा दुधाची पिशवी चुकून उचलली तर घाबरून जायचं कारण नाही, आणि एखाद्या दिवशी तिने चहा केला तर तिच्यावर ओरडायचंही नाही. पण घरकाम ही एखाद-दुसऱ्या उचलण्याची गोष्ट नसते. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, असं निघालं. म्हणजे पाच तास, रोज, सुट्टीशिवाय. त्याच सर्वेक्षणात घरकामाला हात लावणारे पुरुष होते शंभरातले सव्वीस, आणि त्यांची सरासरी ९७ मिनिटं. वाकणं, उभं राहणं, पिळणं, घासणं, उचलणं, पुन्हा वाकणं असे पाच तास जिच्या वाट्याला आहेत, तिला ‘फक्त जड उचलू नको’ एवढं सांगून भागत नाही. ते पाच तास ऑपरेशनमुळे नाहीसे होत नाहीत, ते कुणीतरी करावेच लागतात. कुणी करायचे, हे घरात ऑपरेशनच्या आधीच ठरायला हवं.

आणि ठरवायचं म्हणजे पूर्ण ठरवायचं. बऱ्याच घरांत नवरा किंवा मुलं मदतीला तयार असतात, पण मदत कशी, तर ‘सांग, काय करू?’ अशी. खाटेवर पडलेली बाई मग तिथूनच घर चालवते: डाळ किती घ्यायची, मीठ कुठल्या बरणीत आहे, दूधवाल्याचे किती दिवस झाले, धाकट्याच्या शाळेची फी भरली का, सासूबाईंची बीपीची गोळी संपत आलीय. तिचे हात थांबले, डोकं थांबलं नाही. ऑपरेशनच्या आठवडाभर आधी तिच्याबरोबर बसून एकदाच हे सगळं एका वहीत लिहून घ्या: कामवाल्या बाई किती वाजता येतात, किराणा कुठून, गॅसचा नंबर कोणत्या फोनवरून लावायचा, पाणी कधी येतं, कुणाला काय पथ्य. नंतर त्या वहीकडे बघायचं, तिच्याकडे नाही. स्वयंपाक जमत नसेल तर सहा आठवड्यांचा डबा लावा, पोळ्यांना बाई लावा. ज्या घरात ऑपरेशनसाठी पैसे उभे राहिले, तिथे पोळ्यांचे पैसे ही चैन धरू नये, औषधाच्याच हिशेबात धरावेत. कपड्यांच्या बादल्या, पाणी भरणं, फरशी पुसणं, वरच्या फडताळावरचे डबे, ही कामं नावानिशी वाटून द्या. ‘सगळे मिळून करू’ म्हटलेलं काम शेवटी तिच्याच अंगावर येतं.

भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं, हेही तेव्हाच ठरवा. आपल्याकडे आजारी माणसाला बघायला जाणं ही रीत आहे आणि आलेल्याला चहा देणं हीसुद्धा. दुपारी चारला घरात फक्त ती असते, बेल वाजते, दोन शेजारणी आणि एक चुलत जाऊ येते, आणि चहा ठेवायला उठते कोण? जिला बघायला आलेत ती. वर अर्धा तास बसून तिला ऐकवलं जातं की अमकीचं पिशवी काढल्यावर वजन सुटलं, तमकीची कंबर गेली ती गेलीच. भेटीची वेळ संध्याकाळची सांगा, घरात दुसरं कुणी असताना. थर्मासमध्ये चहा करून ठेवायला कुणाची हरकत नसते. रागावणारे रागावतील, दोन महिन्यांनी विसरतीलही.

‘आम्ही सांगतो हो, पण तीच ऐकत नाही, उठून कामाला लागते’, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते. ती खरी असते, पण तिच्यामागचं कारणही बघावं. सिंकमध्ये सकाळची भांडी दुपारपर्यंत पडलेली दिसली, मुलाने तिसऱ्या दिवशीही मॅगीच खाल्लेलं कळलं, सासूबाई स्वतः गुडघे धरून भाकऱ्या थापताना दिसल्या, की ती उठते. ती हट्टी असते म्हणून नव्हे. काम झालं नाही तर शेवटी आपल्यालाच दुप्पट करावं लागेल, हा तिचा वीस वर्षांचा अनुभव असतो. भांडी वेळेवर घासलेली असली तर सांगावंही लागत नाही. तुमच्या हातची भाजी तिच्यासारखी होणार नाही, पोळीला नकाशा येईल. तिनेही तिकडे थोडं दुर्लक्ष करावं लागेल. सहा आठवडे घर जरा वेगळ्या चवीचं राहिल्याने काही बिघडत नाही.

कामातून मोकळीक याचा अर्थ खाटेला खिळणं असा मात्र नाही, आणि आपल्या घरांत गफलत होते ती इथे. ऑपरेशननंतर पडून राहिलं की पायांतल्या खोल शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो, आणि ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. चालण्याने आतडीही लवकर सुरू होतात, गॅस सुटतो, छाती मोकळी राहते. म्हणूनच आता बहुतेक ठिकाणी ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पेशंटला उठवून चालवतात. घरी आल्यावर दर एक-दोन तासांनी घरातल्या घरात पाच मिनिटं चालणं, पडल्यापडल्या घोटे वर-खाली करणं, आठवड्याभराने बाहेर सपाट रस्त्यावर फेरी आणि ती रोज थोडी वाढवणं, एवढं पुरेसं आहे. दमल्यावर थांबायचं. ‘चालता येतंय, मग पोळ्या लाटायला काय झालं?’ असं कुणी म्हणेल. चालताना थकवा आला की बसता येतं. तव्यावर पोळी आणि ताटावर चार माणसं असताना बसता येत नाही. खाटेवरून उठताना सरळ उठून बसायचं नाही: आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हातांनी रेटा देऊन उठायचं. खोकला, शिंक, हसू आलं की पोटावर उशी दाबून धरायची. ही उशी पंधरा दिवस हाताशी असू द्या. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखतो, तेव्हा घरचे हृदयाच्या भीतीने घाबरतात. पोट फुगवण्यासाठी भरलेला वायू थोडा आत उरतो आणि श्वासपटलाला डिवचतो, ते दुखणं खांद्यात जाणवतं. चालल्याने ते कमी होतं. छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर मात्र हा तर्क लावत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

शौचाचा विषय घरात कुणी काढत नाही, आणि पहिल्या पंधरवड्यातला निम्मा त्रास तिथलाच असतो. दुखण्याच्या काही गोळ्या, लोहाच्या गोळ्या, कमी चालणं आणि कमी पाणी, सगळं मिळून बद्धकोष्ठ होतं, आणि कुंथलं की ताण नेमका आतल्या शिवणीवर येतो. बायका पाणी मुद्दाम कमी पितात, कारण उठून जायला नको वाटतं. संडास घराबाहेर असेल तर जास्तच. देशी पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं आणि उठणं पहिल्या काही आठवड्यांत जड जातं. औषधाच्या मोठ्या दुकानात मध्ये भोक असलेली कमोडची खुर्ची मिळते, बऱ्याच ठिकाणी भाड्यानेही मिळते. ती आधीच आणून ठेवा. पाण्याचा तांब्या तिच्या हाताला येईल असा, पपई, पालेभाजी, भिजवलेले मनुके, आणि डॉक्टरांनी दिलं असेल ते सौम्य रेचक किंवा इसबगोल न चुकवता. दुखण्याची गोळी पहिले चार-पाच दिवस घड्याळाप्रमाणे द्यावी. ‘सहन होतंय’ म्हणून टाळली की दुखण्यामुळे चालणं थांबतं आणि पुढचं सगळं अडतं.

खाण्याच्या बाबतीत आपल्याकडे दोन टोकं असतात. एकीकडे डिंकाचे लाडू आणि तुपाच्या धारा, दुसरीकडे भात नको, डाळ नको, आंबट नको, टाके पिकतील. यातल्या कशानेही टाके पिकत नाहीत. जखम भरायला प्रथिनं लागतात. डाळ, उसळ, अंडी, दूध, दही, खात असतील तर मासे, हे तोडून तिला मऊ भातावर ठेवणं म्हणजे जखमेला उपाशी ठेवणं. ज्यांची पिशवी अतिरक्तस्रावासाठी काढली गेली त्यांचं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं खाली गेलेलं असतं. त्यामुळे नंतर महिनाभर जो थकवा दिसतो, तो सगळा ऑपरेशनचा नसतो. पिशवी गेली, रक्त जाणं थांबलं, म्हणून शरीरातला लोहाचा साठा आपोआप भरत नाही. लोहाच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे दोन-तीन महिने घ्याव्या लागतात. चहाबरोबर, दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर त्या घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून कॅल्शियमची गोळी सकाळी आणि लोहाची दुपारी जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर, असा फरक ठेवा. गोळ्यांमुळे शौच काळं होतं, त्याने घाबरायचं नाही. जखमेवर हळद, राख, तेल काहीही लावू नका आणि पोट शेकू नका. टाक्यांच्या आजूबाजूची कातडी बधिर असते, भाजलं तरी तिला कळत नाही.

धोक्याच्या खुणा घरातल्या एका माणसाने तोंडपाठ ठेवाव्यात, कारण तिला स्वतःला ‘थोडं होणारच’ असं वाटत राहतं. तपकिरी किंवा गुलाबी स्राव काही आठवडे थोडाथोडा राहतो, मध्ये टाक्याचा धागा पडतो, ते ठीक. तासाभरात पॅड भिजेल असं रक्त ठीक नाही. दहाव्या ते पंधराव्या दिवसाच्या सुमारास, सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाही ते अचानक येऊ शकतं. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा वर ताप, घाण वासाचा स्राव, टाक्यांतून पू, पोट फुगून उलट्या, एका पोटरीला सूज आणि दुखणं, दम लागणं, लघवी अडणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. एक खूण फारशी कुणी सांगत नाही: लघवीची भावना नसताना योनीतून सतत पाणी गळणं. लघवीच्या पिशवीला किंवा नळीला इजा झाली असेल तर ते साधारण एक-दोन आठवड्यांनी दिसू लागतं. लाजेपोटी बायका महिनोन्महिने पॅड लावून दडपतात, आणि हा बरा होणारा त्रास आहे. घरात मुलगी, सून किंवा बहीण असेल तर तिने स्पष्ट विचारावं: ‘कपडे ओले होतात का?’

त्याचबरोबर तपासणीचा रिपोर्ट. काढलेली पिशवी पॅथॉलॉजीला जाते. लहान नर्सिंग होममध्ये तर बरणी नातेवाइकांच्याच हातात देऊन लॅबमध्ये पोचवायला सांगतात. आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट येतो, आणि तो आणायला कुणी गेलंच नाही असं घडतं. गाठी समजून काढलेल्या पिशवीत क्वचित कर्करोगही निघतो. म्हणून तो रिपोर्ट आणून डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ऑपरेशन संपलं असं धरू नका.

अंडाशय ठेवले असतील तर पाळी जाते, पण हार्मोन चालू राहतात, तरी अंडाशयांचं काम थांबण्याचं वय थोडं अलीकडे येऊ शकतं. अंडाशय काढले असतील तर मात्र नैसर्गिकपणे जे चार-पाच वर्षांत हळूहळू होतं ते एका रात्रीत होतं: अंगातून वाफा निघाल्यासारखं होणं, रात्री घामाने उठणं, झोप उडणं, सांधे धरणं, क्षुल्लक कारणाने रडू येणं. घरच्यांना वाटतं ऑपरेशनने हिला चिडचिडी केलं. वय पंचेचाळिशीच्या आत असेल तर हाडं आणि हृदयाच्या दृष्टीने हार्मोनच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा. स्तनाच्या कर्करोगाचा किंवा गुठळीचा इतिहास असेल तर निर्णय वेगळा होतो, म्हणून मनाने सुरू करू नका. अंडाशय शाबूत असूनही मन खचू शकतं. ‘आता काय उरलं’ हे वाक्य ती बोलेल किंवा बोलणार नाही. त्यावर ‘असं काही नसतं’ म्हणून विषय संपवू नये. दोन-तीन आठवडे सलग उदासी, भूक-झोप गेलेली, असं दिसलं तर त्यावरही डॉक्टर आहेत.

नवऱ्यांसाठी थोडं वेगळं. शरीरसंबंध सहा ते आठ आठवडे नाहीत, आणि तपासणीत शिवण भरल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यावरच, तेही तिची तयारी असेल तेव्हा. कोरडेपणा असेल तर त्यावर जेल आणि मलमं मिळतात, विचारायला लाजू नये. पिशवी काढल्यावर बाईत काही राहत नाही, हा समज निराधार आहे. मोठा रक्तस्राव आणि दुखणं थांबल्यावर अनेक जोडप्यांचं आयुष्य आधीपेक्षा सुखाचं होतं. या दोन महिन्यांत वेगळ्या खोलीत झोपायचं की तिच्या शेजारी, हे तिला विचारा. काही जणींना रात्री कुणी हाताशी हवं असतं, आणि नवरा दुसऱ्या खोलीत गेल्यावर मनात नको ते विचार येतात.

एवढ्या सगळ्यावर एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. पूर्वीच्या बायका आठव्या दिवशी शेतात जायच्या; आजही हातावर पोट असणारीला दोन महिने कोण बसवून खाऊ घालणार? पहिल्या भागाचं उत्तर असं की जायच्या, हे खरं, पण त्यांतल्या किती जणींना पुढे अंग बाहेर येण्याचा, कमरेचा, लघवी सुटण्याचा त्रास झाला याची नोंद कुणी ठेवली नाही. दुसऱ्या भागाला सोपं उत्तर नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न २०१९मध्ये गाजला तेव्हा आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जे आकडे आले, त्यांत पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. कोयत्याचा खाडा पडला की मजुरी जाते आणि वर दंड, म्हणून पाळीच नको अशी वेळ ज्यांच्यावर येते, त्यांना विश्रांतीचा सल्ला देणं क्रूर थट्टा वाटेल. त्यांच्यासाठी शहाणपणाचं काम ऑपरेशनच्या आधीचं आहे: दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेणं, शक्यतो सरकारी रुग्णालयातला, आणि गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन यांनी भागतं का ते विचारणं. ऑपरेशन लागणारच असेल आणि तातडीचं नसेल, तर हंगाम संपल्यावरची तारीख घेणं. कारखान्यात किंवा कंपनीत नोकरी असेल आणि पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जात असेल, तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. त्यासाठी दवाखान्याचं प्रमाणपत्र वेळेत द्यावं लागतं, आणि ती धावपळ घरच्यांनी करायची. जिथे यांतलं काहीच नाही, तिथे निदान कामांचा क्रम तरी बदलता येतो: उचलण्याची आणि वाकण्याची कामं दुसऱ्याकडे, बसून निवडणं-टिपणं तिच्याकडे.

काम परत तिच्याकडे जाताना तोच क्रम ठेवावा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बसून भाजी चिरणं, कपड्यांच्या घड्या. पुढे उभ्याने थोडा स्वयंपाक. दुचाकी चालवणं सहा आठवड्यांनी, आणि तोवर मागे बसून गतिरोधकांवरून जाणंही टाळलेलं बरं. एसटीचा लांबचा प्रवास असेल तर दर दीड-दोन तासांनी उतरून चार पावलं चालायचं. सहाव्या आठवड्याच्या तपासणीला तिच्याबरोबर केबिनच्या आत जा आणि वहीत लिहून नेलेले प्रश्न विचारा: आतली शिवण भरली का, लोहाच्या गोळ्या किती दिवस, अंडाशय आहेत की नाहीत, गर्भाशयमुख काढलं की ठेवलं. ठेवलं असेल तर त्याची कर्करोगाची नियमित तपासणी पुढेही करावी लागते. काढलं असेल आणि कारण साधं असेल, तर बहुधा लागत नाही. कोणती कामं सुरू करायची हेही तिथेच विचारा. डॉक्टर ‘सगळं करू शकता’ म्हणाले तरी हंडा, सिलिंडर आणि कपड्यांच्या बादल्या आणखी दीड महिना दुसऱ्याच्याच हातात राहू द्या.